पात्र कोण? नवोदयच्या अटींचं एक वाचन



टीका म्हटलं की आपल्यासमोर कविता किंवा कादंबरी येते. आज मी ज्या मजकुराची टीका करणार आहे, तो वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीची माहितीपत्रिका! रोवणीच्या दिवसांत इथल्या किती घरांत ती मोबाइलवर उघडली जाते, हे मूलच्या लोकांना मी सांगायला नको. पालक ती तारखांसाठी वाचतात. मी ती व्याख्यांसाठी वाचली. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ती खोड असते.

आधी हेतू पाहू. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना उभी राहिली. त्याआधी 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून दोन शाळा काढल्या होत्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. ऐपत नसलेल्या, मुख्यतः खेड्यातल्या हुशार मुलांना उत्तम निवासी शिक्षण मिळावं, हा हेतू. मला तो आजही मोठा वाटतो. आपल्या जिल्ह्याचं नवोदय तळोधी बाळापूरला आहे, गडचिरोलीचं घोटला. वर्गात जागा जास्तीत जास्त 80. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना.

आता 'ग्रामीण' या शब्दाकडे या. सगळा खेळ तिथे आहे.

पत्रिकेच्या दृष्टीने ग्रामीण मूल म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण शिकलेलं मूल. या तीन वर्षांत एक दिवस जरी ते शहरी भागातल्या शाळेच्या पटावर आलं, तरी ते शहरी. आणि शहरी म्हणजे काय? 2011 च्या जनगणनेत जे शहरी ठरलं ते, किंवा नंतरच्या सरकारी अधिसूचनेने जे शहरी झालं ते.

मूल ही नगरपरिषद. तेव्हा राजोलीचा किंवा बेंबाळचा एखादा पोरगा चौथीत वर्षभर आजीकडे राहून मूलच्या शाळेत गेला, की तो शहरी झाला. त्याच्या बापाच्या बांध्या तिथेच, घरही तिथेच. बदललं ते फक्त शाळेचं नाव. तरी मूलचं एक वेळ समजू. बाजारपेठ आहे, रेल्वे आहे, राइस मिल आहेत. भामरागडचं काय करायचं?

2014 नंतर राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. इकडे सावली झाली. गडचिरोलीत धानोरा, कोरची, एटापल्ली, सिरोंचा, मुलचेरा आणि भामरागडही झालं. पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्क तुटणारं गाव एका अधिसूचनेने शहर बनलं. जनगणनेची स्वतःची कसोटी याहून कडक आहे: किमान 5000 लोकवस्ती, पुरुष कामकऱ्यांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. ती भामरागडला लावून पाहा म्हणजे झालं. पण पत्रिकेतल्या त्या एका 'किंवा' मुळे तिथल्या शाळेत शिकणारं माडिया मूल ग्रामीण जागांच्या बाहेर पडतं आणि उरलेल्या खुल्या जागांसाठी झगडतं. त्या जागांवर ग्रामीण मुलांचाही हक्क आहेच, त्या काही शहरासाठी राखून ठेवलेल्या नाहीत. अनुसूचित जमातीचं आरक्षण त्याला मिळेल, हे खरं. पण ते वेगळ्या कारणासाठी आहे. त्याने ही चूक भरून निघत नाही.

नियम करणाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन गरिबी मोजता येत नाही, म्हणून एक खूण लागते. 'ग्रामीण' ही वंचिततेची खूण म्हणून निवडली. 1986 साली ती बऱ्यापैकी चांगली खूण होती. माझा आक्षेप खूण वापरण्याला नाही. खूण आणि वस्तू यांची फारकत झाली तरी आपण खुणेलाच धरून बसतो, याला आहे. शहराला लागून असलेल्या पण ग्रामपंचायतीत मोडणाऱ्या जागेवर एखादी खासगी शाळा उभी राहते, बसने शहरातली मुलं आणते, संध्याकाळी त्याच मुलांची शिकवणी होते. ती मुलं कागदावर ग्रामीण. यात बेकायदेशीर काहीही नाही, हीच तर गंमत आहे.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1962 च्या समतेवरच्या निबंधात एक कल्पित समाज रंगवला आहे. तिथे योद्ध्यांना मोठा मान, पण ते फक्त श्रीमंत घराण्यांतून घेतले जात. सुधारक आले, म्हणाले, सर्वांची परीक्षा घ्या, जो बलवान तो योद्धा. परीक्षा झाली. निवडले गेले ते श्रीमंतांचेच मुलगे, कारण बाकीचे उपाशी होते. दार उघडलं, पण आत येण्याचं बळ वाटलंच नव्हतं. धान निघालं की आपल्याकडची कुटुंबं तेलंगणात मिरची तोडायला जातात. लेकरंही बरोबर जातात. 'पूर्ण सत्र' ही अट त्यांच्यासमोर ठेवून बघा. पटावर नाव राहिलं तर मूल पात्र ठरेल, पण दोन तासांत 80 प्रश्न सोडवणार कुठून? त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे, आकृत्यांचे. ते जन्मजात बुद्धी मोजतात असा आपला समज. ज्याने तशा शंभर आकृत्या आधी सोडवल्यात त्याला ते सोपे जातात, हे कोणताही शिकवणीवाला तुम्हाला सांगेल.

जिल्ह्याची अट तशीच. मूल ज्या जिल्ह्यात राहतं, पाचवी त्याच जिल्ह्यात हवी. हेतू रास्त आहे, बाहेरच्यांनी येऊन जागा बळकावू नयेत. पण व्याहाडला जा. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. अलीकडे राहून पलीकडे पाचवी शिकणारं मूल तळोधीला चालत नाही आणि घोटलाही चालत नाही. 1982 पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता हो!

आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बसता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या सकाळी ताप असला, तर? नागरी सेवेच्या परीक्षेला आपण मोठ्या माणसांना अनेक संधी देतो.

मागणी काय, असं मघाशी एका शिक्षकांनी विचारलं. मोठी क्रांती मी मागत नाही. नव्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा येतील. 2021 ची झालीच नाही. तोवर त्या व्याख्येतला 'किंवा नंतरच्या अधिसूचनेने' हा तुकडा नगरपंचायतींपुरता काढा. नगरपालिकांना तो राहू द्या. सीमेवरच्या मुलाला राहत्या जिल्ह्यात बसू द्या. आजारपणाचा दाखला असेल तर वयाच्या मर्यादेत दुसरी संधी द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, नवा पैसा लागत नाही. ही पत्रिका दरवर्षी नव्याने छापली जाते. पुढच्या वर्षीची तयार होण्याआधी नवोदय विद्यालय समितीकडे आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडे हे लेखी गेलं पाहिजे. मसुदा मी करून आणला आहे. बाहेर टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. वाचा, चुका काढा, आणि पटलं तर सही करा.