सेशनला ‘कॅश’ म्हणण्यात काय चुकतं?

मंडळी, आजचा विषय कागदावर कोरडा दिसतो: वेब ॲप्लिकेशन सर्व्हरसाठी वितरित सेशन कॅश कशी बसवावी. (कॅश म्हणजे रोकड नव्हे, पटकन हाताशी यावी म्हणून ठेवलेली प्रत.) पण याची झळ कोणाला लागते ते आधी बघू. परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. एक मुलगी चौथं पान भरून ‘पुढे’ दाबते आणि पडद्यावर येतं, ‘आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.’ आधीची तीन पानं गेली. तिचं काय चुकलं? काहीच नाही. आमचं म्हणणं असं की याचं मूळ बऱ्याचदा ‘कॅश’ या शब्दात असतं. आजची टीका त्या शब्दावर आहे.

पाया थोडक्यात सांगतो. एचटीटीपीला आठवण नसते, प्रत्येक विनंती त्याच्या लेखी नवी. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली आणि ही अडचण बरीच सुटली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तशी ही कुकी. बिल्ल्यावर फक्त नंबर, चपला आत फळीवर. नंबर म्हणजे सेशन आयडी आणि फळी म्हणजे सर्व्हरची मेमरी. टॉमकॅटमध्ये काही न बदलता ३० मिनिटं हालचाल झाली नाही, तर फळी रिकामी केली जाते.

सर्व्हर एकच असेतो हे ठीक. दुसरा आला, पुढे लोड बॅलन्सर बसला, की प्रश्न उभा राहतो: बिल्ला एका खिडकीचा आणि माणूस दुसऱ्या खिडकीवर. यावर तीन उपाय रूढ आहेत.

पहिला, स्टिकी सेशन. सेशन आयडीच्या शेवटी टिंब देऊन सर्व्हरचं नाव जोडायचं आणि माणसाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवायचं. स्वस्त आणि सोपं. पण तो सर्व्हर बंद पडला, किंवा नवी आवृत्ती चढवण्यासाठी आपणच बंद केला, की त्याच्यावरचे सगळे लोक बाहेर.

दुसरा, सर्व्हरांनी एकमेकांना प्रती देणं. टॉमकॅटचा डेल्टा मॅनेजर प्रत्येक सेशनचे बदल गटातल्या सगळ्या सर्व्हरांना पाठवतो. समजा दहा सर्व्हर आहेत, प्रत्येकावर १,००० सेशन आणि प्रत्येक सेशन २० केबीचं. मग प्रत्येक सर्व्हरला सगळी १०,००० सेशन, म्हणजे सुमारे २०० एमबी, सांभाळावी लागतात. सर्व्हर वाढवले तरी या बाबतीत कोणाचंच ओझं कमी होत नाही. म्हणूनच ही पद्धत लहान गटांसाठी आहे असं टॉमकॅटची कागदपत्रंच सांगतात. बॅकअप मॅनेजर एकाच सर्व्हरवर प्रत ठेवतो, ते मोठ्या गटाला बरं. दोन्हींत एक खाच आहे. सेशनमधली वस्तू जागच्या जागी बदलली आणि सेट-ॲट्रिब्यूट पुन्हा हाक मारून सांगितलं नाही, तर बदल झाल्याचं कळायला मार्ग नसतो आणि प्रत जुनीच राहते. एका सर्व्हरवर चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही.

तिसरा, आणि आज सर्वांत लोकप्रिय: फळी सर्व्हरच्या बाहेर, मेमकॅश्ड किंवा रेडिसमध्ये. सर्व्हर आले-गेले तरी सेशन बाहेर सुरक्षित, असं सांगितलं जातं. इथे आम्ही थांबतो, कारण ‘सुरक्षित’ हा शब्द तपासायला हवा.

मेमकॅश्ड २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नलसाठी लिहिलं. डेटाबेसवरचा भार हलका करणं हे त्याचं काम. मूळ प्रत डेटाबेसमध्ये आहे, हरवलं तर पुन्हा आणू, हे त्यात गृहीत आहे. म्हणजे कॅशची कसोटी साधी: पुसून टाकलं तर पुन्हा बनवता येतं का? वस्तूंची किंमत-यादी बनवता येते. अर्जाची तीन पानं येत नाहीत, कारण त्यांची मूळ प्रत कुठेच नाही. मग ती कॅश कशी?

नावातली ही चूक सेटिंगमध्ये उतरते. मेमकॅश्डचे चार सर्व्हर आहेत आणि कोणती नोंद कुठे हे भागाकाराच्या बाकीवरून ठरतं, असं समजा. पाचवा सर्व्हर जोडला की ८० टक्के नोंदींचा पत्ता बदलतो. किंमत-यादीसाठी ही दोन मिनिटांची मंदी, सेशनसाठी मात्र बहुतेकांची हकालपट्टी. कन्सिस्टंट हॅशिंग वापरलं तर साधारण एक पंचमांशच हलतात. सुधारणा मोठी आहे, पण तो पंचमांश जातोच.

रेडिसची गोष्ट याहून बारीक. मेमरीची मर्यादा भरली की काय करायचं, हे एका धोरणाने ठरतं. कॅशची सवय असलेला माणूस बहुधा ‘ऑल-कीज-एलआरयू’ निवडतो: ज्याला बराच वेळ हात लागला नाही ते आधी काढा. आता बघा, हात कोणत्या सेशनला लागत नाही? एका पानावर बसून दहा मिनिटं सावकाश लिहिणाऱ्याच्या. भराभर क्लिक करणारा टिकतो आणि ज्याचं काम जास्त, तो आधी जातो. ‘व्होलाटाइल-एलआरयू’ निवडलं तर फक्त मुदत असलेल्या नोंदी काढल्या जातात. सेशनला मुदत असतेच. त्याच रेडिसमध्ये किंमत-यादी मुदतीशिवाय पडलेली असेल, तर यादी शाबूत राहते आणि माणसं बाहेर फेकली जातात!

आणि ॲप्लिकेशनला काय कळतं? फक्त ‘नोंद सापडली नाही’. मुदत संपली की जागेसाठी हाकललं, हा फरक तिथे उरतच नाही. म्हणून पडद्यावर ‘सेशन संपले आहे’ येतं. मंडळी, ते खोटं असतं. संपलं नव्हतं, आपण काढून टाकलं होतं.

मूळ रेडिसमध्ये न बदललेलं धोरण ‘नो-इव्हिक्शन’ असतं. जागा भरली की नवं लिहिणं नाकारायचं. यात लॉगिन अडतात, चालू कामही अडतं, ते वाईटच. पण बिघाड उघड होतो, लॉगमध्ये दिसतो, कोणीतरी धावतं. सेशनसाठी आम्हाला हेच बरं वाटतं. किंमत-यादीचं रेडिस वेगळं ठेवावं आणि जागा भरण्याआधी सूचना मिळेल अशी सोय करावी. ‘एक्स्पायर्ड कीज’ आणि ‘इव्हिक्टेड कीज’ हे दोन आकडे रेडिस वेगवेगळे मोजतं. सेशनच्या रेडिसमध्ये दुसरा आकडा शून्याच्या वर गेला, तर तेवढ्या लोकांना आपण हाकललं असं समजावं.

‘पण आमच्याकडे रेप्लिका आहे’ असं कोणी म्हणेल. ती हवीच. फक्त हे लक्षात असू द्या की रेडिसचं रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे. मुख्य सर्व्हर ‘झालं’ म्हणतो आणि प्रत नंतर जाते. त्या मधल्या क्षणी मुख्य सर्व्हर पडला, तर ‘झालं’ म्हटलेलं काम नाहीसं होऊ शकतं.

मग काय, सगळं डेटाबेसमध्ये ठेवायचं? दर विनंतीला तिथे वाचणं-लिहिणं महाग पडतं, हा आक्षेप खरा आहे. मग सगळं ब्राउझरकडेच द्यावं? रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात सर्व्हरने सेशनची आठवण ठेवू नये अशी मांडणी केली आणि त्यामुळे तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो हेही मान्य केलं. शिवाय एका कुकीत साधारण ४ केबीच मावतं, आणि सही केलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायचं म्हटलं तर सर्व्हरवर कुठेतरी नोंद आलीच.

आमचं मत असं की वाद ‘सेशन कुठे ठेवू’ असा मांडलाय, तो ‘सेशनमध्ये काय ठेवू’ असा मांडायला हवा. माणसाची ओळख, भाषेची निवड एवढंच सेशनमध्ये असावं. ते गेलं तर पुन्हा लॉगिन, एक मिनिटाचा त्रास. माणसाने केलेलं काम मात्र दर पानाला, कच्चा मसुदा म्हणून, त्याच्या खात्यावर डेटाबेसमध्ये जावं. ती लेखणी दर विनंतीला नाही, पानागणिक एकदाच चालते, त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो. असं केलं की सेशन खरोखर कॅशच्या जवळ येतं, मग खुशाल तसं म्हणा.

ऐकणाऱ्यांत जे हे काम करतात त्यांना एक विनंती. चाचणीच्या यंत्रणेत अर्ज अर्धा भरा, रेडिसमधली सगळी सेशन पुसा आणि ‘पुढे’ दाबा. पुन्हा लॉगिन केल्यावर तिसरं पान भरलेलं दिसतं की कोरं, ते बघा. कोरं दिसलं, तर रेडिसचं सेटिंग बदलण्याआधी मसुदा जपण्याची सोय करा.