बालस्थूलता प्रतिबंधक धोरण : पन्नास मीटरच्या मर्यादेची चिकित्सा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. या पार्श्वभूमीवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांची चिकित्सा अगत्याची ठरते. मेद, मीठ व साखर यांचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत या नियमांनी निषिद्ध ठरवली. हेतू स्तुत्य आहे; परंतु हे बंधन जागेवर आहे, पदार्थावर नाही. एक्कावन्नाव्या मीटरवरील दुकानात तोच पुडा त्याच किमतीत मुलाला मिळतो.

चिलीमध्ये २०१६ साली अमलात आलेला कायदा याबाबत उद्बोधक आहे. साखर, सोडियम, संपृक्त मेद वा उष्मांकांची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या पदार्थांच्या वेष्टनावर तेथे काळी अष्टकोनी इशाराचिन्हे बंधनकारक झाली. अशा पदार्थांची शाळेतील विक्री आणि चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेली जाहिरातही निषिद्ध ठरली. वेष्टन, शाळा व जाहिरात यांना एकच निकष लावणे, हे त्या धोरणाचे मर्म होय. याउलट, भारतात २०२२ च्या मसुद्याने वेष्टनावर तारांकन सुचवले. तारा हा गुणवत्तेचा द्योतक मानला जातो. अपायकारक पदार्थालाही अर्धा तारा देणे म्हणजे इशाऱ्याचे प्रशस्तिपत्रक करणे होय.

सारांश, डबा भरणारी आई आणि मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक यांच्यावर भार टाकून सार्वजनिक आरोग्य साधत नाही. नियमनाचा आरंभ शाळेच्या फाटकापाशी नव्हे, तर वेष्टनापासून व्हावयास हवा.