नेमणुकीचे गाव : 'अर्थसी' आणि 'बनगरवाडी'

अद्भुत आणि वास्तव या कादंबरीच्या परस्परविरोधी कोटी होत, हे गृहीत धरूनच आपल्याकडे वर्गीकरण केले जाते. त्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) 'ग्रामीण' या कप्प्यात जाते आणि अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) किशोरवाङ्मयात. या कप्प्यांमुळे दोन्ही कृतींच्या मुळाशी असलेला समान प्रश्न झाकला जातो : संस्थेच्या आज्ञेने बाहेरून आलेल्या विद्येचे गावाशी नाते काय?

रोकच्या विद्यालयात मंत्रविद्या शिकलेला गेड लो टॉर्निंग या दूरच्या वस्तीवर पाठवला जातो, कारण तेथील लोकांना पेंडॉरच्या ड्रॅगनांचे भय आहे. राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमला जातो. एकाची विद्या वस्तूंच्या खऱ्या नावांची, दुसऱ्याची अक्षरांची. दोघांचाही अधिकार उसना आहे. गावाने मानल्याखेरीज तो चालत नाही. म्हणूनच मास्तरला कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो आणि गेडला नाव बांधणाऱ्या पेचव्हरीच्या मैत्रीतून वस्तीत शिरकाव मिळतो.

पुढे मात्र वाटा फुटतात. पेचव्हरीचा आजारी मुलगा वाचवताना गेड विद्येची मर्यादा ओलांडून मृत्यूच्या प्रदेशात उतरतो, तरीही मूल जातेच. ही हार ले ग्विन प्रामाणिकपणे नोंदवतात. परंतु त्यानंतर गेड ड्रॅगनला त्याच्या खऱ्या नावाने बांधून घेतो, वस्ती निर्भय होते आणि कथन नायकासोबत पुढे निघून जाते. गाव हे त्याच्या घडणीचा एक टप्पा ठरते.

'बनगरवाडी'त मास्तरच्या पुढाकाराने तालीम उभी राहते. कोल्हापूरच्या वाचकाला या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागू नये. येथे तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. ती पेठेची ओळख असते, तंट्यांची आणि उत्सवांचीही जागा असते. वाडीने श्रमदानाने तालीम बांधणे म्हणजे तिने स्वतःला एक समूह म्हणून ओळखणे होय. नेमका हा समूह सिद्ध झाल्यावर दुष्काळ येतो. ज्याच्या उच्चाराने दुष्काळ बांधता येईल, असे नाव मास्तरच्या अक्षरांत नाही. माणसे मेंढरांसह जगायला बाहेर पडतात. मास्तरच्या मागे पोरांविना शाळा उरते. येथे नायक गाव सोडत नाही. त्याआधी गावच त्याला सोडून जाते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, 'बनगरवाडी'ही मास्तरच्याच डोळ्यांनी दिसते. तिचा निवेदक तोच आहे. आक्षेप खरा आहे. परंतु हा निवेदक वाडीच्या वाताहतीतून स्वतःसाठी कोणतीही सिद्धी कमावत नाही, आणि प्रथमपुरुषी निवेदनाचा नैतिक संयम यातच आहे.

तेव्हा अशा कादंबऱ्यांचा निकष अद्भुताचे किंवा वास्तवाचे प्रमाण हा असू नये. ज्ञाता निघून गेल्यावर गावाच्या वाट्याला काय उरते, हे कृती किती दूरवर पाहते, हा निकष अधिक फलदायी ठरेल. या निकषावर ले ग्विन यांची कादंबरी किशोरवाङ्मयाच्या कप्प्यात मावत नाही आणि माडगूळकरांची केवळ ग्रामजीवनाचे चित्रण राहत नाही. दोन्ही विद्येच्या अधिकाराची परीक्षा घेतात. माडगूळकर ती अधिक कठोरपणे घेतात.