चाळीस टक्के ऑनलाइन, पण कोणते?

पिंपरी-चिंचवडमध्ये भाषा शिकवण्यावर बोलायचं तर सुरुवात कारखान्यापासूनच करावी लागते. भोसरी-चाकणकडची मुलं काइझेन, कानबान, पोका-योके हे शब्द कामावर रोज वापरतात आणि वर म्हणतात, आम्हाला कुठं जपानी येतं! त्यांतली काही जपानीच्या वर्गाला नाव घालतात. पाळी बदलली की वर्ग बुडतो. अशा मुलाला ऑनलाइन शिक्षण वरदान वाटलं तर त्यात आम्हाला काही चूक दिसत नाही.

आमचा आक्षेप वाटणीवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाचा मसुदा चर्चेसाठी पुढे ठेवला. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात, असं त्यात सुचवलं होतं. लेखाशास्त्र असो की जपानी, माप एकच. भाषेत मात्र किती टक्के यापेक्षा कोणते टक्के, हे आधी ठरवायला हवं.

एक साधं उदाहरण घ्या. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी, काकू. मधला ‘बा’ लांबवला, ‘ओबाआसान’ म्हटलं, की झाली आजी. हा फरक कानात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. तो कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर ऐकावा. लिपी, शब्द, क्रियापदांची रूपं, सगळं तसंच घोटावं. त्यासाठी शिक्षकाचा तास कशाला? पण पन्नाशीच्या बाईंना चुकून आजी म्हटलं, तर पुढे काय बोलायचं? तिथं समोर माणूसच लागतो.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, म्हणून विट्गेन्श्टाइन आठवतो. १९५३ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक गवंडी आणि त्याचा मदतनीस आहे. गवंडी दगडाचं, खांबाचं नाव पुकारतो, मदतनीस ती वस्तू आणून देतो. एवढे चारच शब्द, एवढीच भाषा. तिच्यात त्या मदतनीसाला “कुठला?” असं उलट विचारता येत नाही, बरं का. मोबाइलवरचे बहुतेक सराव याच जातीचे: हुकूम, हालचाल, हिरवी खूण. वर्ग सुरू होतो तो “कुठला?” या प्रश्नापासून.

प्रत्यक्षात काय दिसतं? घरी पाहायच्या स्लाइड वर्गात भिंतीवर दाखवतात, आणि बोलण्याचा सराव ‘घरी करा’ म्हणून सोडून देतात. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही, त्यामुळे कुणाचं अडतही नाही. अडतं ते पुढे, जपानी साहेब लाइनवर येऊन काही विचारतो आणि आपला प्रमाणपत्रवाला मुलगा नुसती मान डोलावतो तेव्हा. त्या मान डोलावण्याचा अर्थ साहेब ‘समजलं’ असा घेतो. मशीनपाशी हा गैरसमज परवडणारा नाही.

मग करावं काय? साठ जणांना एकत्र बसवून व्याकरण सांगण्याचे तास खुशाल ऑनलाइन न्या. त्यातून वाचलेला शिक्षकाचा वेळ पंधरा-पंधराच्या गटांना द्या आणि तोच संभाषणाचा तास आठवड्यात दोनदा ठेवा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. म्हणजे पाळी कुठलीही असो, एक तरी तास मिळेल. यात शिक्षकांचे तास कमी होत नाहीत, खर्चही वाचत नाही. संस्थाचालकांना ही योजना आवडत नाही ती बहुधा त्यामुळेच.