कर्ता कुठे गेला?

दलित साहित्याच्या भाषेवर पांढरपेशा समीक्षेने ‘शिवराळ’, ‘अशुद्ध’ असे शिक्के मारले. त्यांना उत्तरे पुष्कळ देऊन झाली. आज मला बोलायचे आहे ते आपल्या घरातले.

आपल्या नव्या लेखनात ‘वेदना’, ‘विद्रोह’, ‘अंगार’ हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. वेदना कोणाची, दिली कोणी, याचा पत्ता लागत नाही. वाक्यही ठरलेले: ‘शतकानुशतके आमच्यावर अन्याय झाला.’ पाऊस झाला, तसा अन्याय झाला! ‘झाला’ म्हटले की करणारा निसटतो. ‘केला’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आलाच.

आपल्या आधीच्या लेखकांनी शब्द पारखून घेतले. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव पाहा: ‘जेव्हा मी जात चोरली होती’. ते ‘लपवली’ म्हणत नाहीत, ‘चोरली’ म्हणतात. चोरी म्हटली की मालक आला, चोर ठरवणारा आला. एका क्रियापदात सारी व्यवस्था उभी राहते. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. तोळा बारा माशांचा. अकरा भरले तर एक माशाने उणे. गावाने माणसाला सोनाराच्या काट्यावर तोलले. लेखकाने ती शिवी मुखपृष्ठावर ठेवली आणि तोलणाऱ्यांनाच जाब विचारला.

हा प्रश्न साहित्यापुरता नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावाकडचे तक्रारअर्ज माझ्याकडे येतात. त्यांत एवढेच असते: ‘जातिवाचक शिवीगाळ झाली.’ १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. मग कोण बोलला? नेमके काय बोलला? कुठे, कोणादेखत? ज्या बाईवर प्रसंग आला ती तोंडाने सगळे सांगते: माणसाचे नाव, पाराची जागा, दिवेलागणीची वेळ, शिवी जशीच्या तशी. आपला शिकलेला पोरगा ते ‘शुद्ध’ मराठीत बसवतो आणि बाईची साक्षच पुसून टाकतो. शिवी लिहायची त्याला लाज वाटते. ती देणाऱ्याला वाटली नव्हती.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कविता असो, अर्ज असो, की सभेतले भाषण, ‘झाला’ लिहिण्याआधी ‘केला’ लिहून पाहा. करणाऱ्याचे नाव लिहिताना हात अडखळला, तर तो कोणाच्या धाकाने अडखळला, हेही एकदा तपासून घ्या.