म्हाताऱ्या क्वार्टरबॅकचा पगार

११ जानेवारी २०२१, सोमवार, सकाळचे पावणेसात. पुण्यातल्या आमच्या घरात आई चहा टाकत होती आणि मी खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून लॅपटॉपसमोर बसलो होतो. दोन वर्षं पिट्सबर्गला शिकायला होतो, तिथून येताना डिग्रीबरोबर हे वेडही घेऊन आलो. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध क्लीव्हलँड ब्राउन्स, प्लेऑफचा सामना. पहिल्याच डावपेचात सेंटर मॉर्किस पाउन्सीने मागे दिलेला चेंडू बेन रॉथलिसबर्गरच्या डोक्यावरून गेला आणि ब्राउन्सने तो एंड झोनमध्ये पकडला. चहा येईपर्यंत पहिला क्वार्टर संपला होता, स्कोअर २८-०. शेवटी ४८-३७ ने हरलो. बेनने त्या रात्री ५०१ यार्ड फेकले आणि चार वेळा चेंडू विरोधकांच्या हातात दिला. सामना संपल्यावर तो आणि पाउन्सी बाकावर बसून रडत होते.

बाबा मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी एकच विचारलं, "याचं वय काय?"

अडतीस. मार्चमध्ये एकोणचाळीस होणार होता.

पुढचे दोन महिने मी पिट्सबर्गच्या या एकाच प्रश्नावर मिळेल ते वाचत होतो: बेनचा करार नव्याने करावा का? आणि वाचता वाचता वैतागत होतो. एक बाजू म्हणायची, दोन सुपर बोल जिंकून देणाऱ्या माणसाला असं वागवतात का. दुसरी म्हणायची, हा धंदा आहे, भावनांना इथे जागा नाही. निष्ठा की व्यवहार, असं जुनंच भांडण. (निष्ठावाल्यांना २०१० सोयीस्करपणे आठवत नव्हतं. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर खटला उभा राहिला नाही, पण लीगने त्याला निलंबित केलं होतं. तेव्हा क्लबने त्याला ठेवून घेतलं, ते काही निव्वळ प्रेमापोटी नव्हे.) दोन्ही बाजू एकाच आकड्यावर भांडत होत्या, ४ कोटी १२ लाख डॉलर. माझी तक्रार अशी की भांडणाचा आकडाच चुकीचा होता.

हिशेब थोडा समजून घ्या, अवघड नाही. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करता येतो, त्याला सॅलरी कॅप म्हणतात. कोविडमुळे स्टेडियमं रिकामी राहिली आणि २०२१ची कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाख डॉलरवर आली. आता गंमत बघा. खेळाडूला सायनिंग बोनस दिला तर पैसे त्याच्या खात्यात लगेच पडतात, पण कॅपच्या वहीत ते कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, सारखे वाटून लिहिता येतात. म्हणजे आज द्या, हिशेब पुढे ढकला. ऊसतोडीतली उचल जशी. फरक इतकाच की तिथे बोजा मजुराच्या डोक्यावर बसतो, इथे उचल खेळाडू घेतो आणि बोजा संघाच्या डोक्यावर.

स्टीलर्सनी २०१९ आणि २०२० मध्ये हेच केलं होतं. त्यामुळे बेनच्या नावावरच्या ४ कोटी १२ लाखांपैकी २ कोटी २२ लाख हा जुनाच हप्ता होता. बेनला काढा, तो स्वतः निवृत्त होऊ दे, काहीही करा, ते पैसे २०२१च्या वहीत लागणारच होते. खरा प्रश्न फक्त उरलेल्या १ कोटी ९० लाखांचा होता.

४ मार्चला नवा करार झाला. बेनने ५० लाख डॉलर सोडले, १ कोटी ४० लाखांवर सही केली. त्यातले बहुतेक पैसे सायनिंग बोनस म्हणून, आणि तो वाटता यावा म्हणून कराराला पुढची चार नुसती कागदावरची वर्षं जोडली. ती वर्षं खेळली जाणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. कॅपवरचा बोजा ४ कोटी १२ लाखांवरून २ कोटी ५९ लाखांवर आला. त्याला काढलं असतं तर २ कोटी २२ लाख. म्हणजे त्या वर्षापुरता बेनला ठेवण्याचा कॅपमधला खर्च होता सुमारे ३७ लाख डॉलर. त्या भावात भरवशाचा क्वार्टरबॅक मिळत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याचं कोपर गेलं, तेव्हा बदली खेळाडूंनी संघ ८-८ वर नेला होता. ते बदली कसे खेळतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे: करार नव्याने करायलाच हवा होता. पण पगार कापायचा कशाला?

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा बेनला पूर्ण १ कोटी ९० लाख दिले असते आणि बोनस तसाच पाच वर्षांवर वाटला असता. २०२१चा बोजा झाला असता २ कोटी ६९ लाख. म्हणजे ज्या ५० लाखांच्या त्यागावर सगळे भारावून गेले होते, त्यातून त्या वर्षीच्या संघबांधणीला मिळाले फक्त १० लाख. बाकीचे ४० लाख २०२२च्या वहीत वाचले, जेव्हा बेन असणारच नव्हता. मालकाच्या खिशातून मात्र पूर्ण ५० लाख कमी गेले. पगाराची मला फिकीर नाही, अशा अर्थाचं बेन जानेवारीतच बोलून बसला होता. असं बोलणाऱ्या माणसाशी वाटाघाटी करणं सोपं असतं.

इथे मला तटस्थ राहता येत नाही, कारण आदल्या वर्षी आमच्याही घरी एक कागद आला होता. बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. लॉकडाउननंतर कंपनीने जुन्या लोकांना वीस टक्के कपात मान्य करायला सांगितली. बाबांनी त्याच दिवशी सही केली. त्यांना वाटलं, आपण सोडलं तर हाताखालची मुलं टिकतील. सगळ्यांनी कौतुक केलं, मोठ्या मनाचा माणूस. महिन्याभरात त्यातली चार मुलं गेली. मग बाबा आणि दोन शिकाऊ पोरं, एवढीच टूलरूम.

स्टीलर्सची गोष्ट वेगळी नाही. क्वार्टरबॅकला वाचवतात ते त्याच्यासमोरचे पाच दांडगे, ऑफेन्सिव्ह लाइन. पाउन्सी निवृत्त झाला. व्हिलानुएवा बाल्टिमोरला, फाइलर चार्जर्सकडे. जूनमध्ये डीकॅस्ट्रोला सोडलं. आणि ड्राफ्टमधली पहिली निवड? रनिंग बॅक, नाजी हॅरिस. मुलगा गुणी, पण भिंतीच नसलेल्या घराला झुंबर. सेंटर आणि लेफ्ट टॅकलच्या जागी तिसऱ्या-चौथ्या फेरीतली नवी मुलं उभी केली. २०२० मध्ये बेनला १३ वेळा पाडलं होतं, २०२१ मध्ये ३८ वेळा. टीकाकारांनी त्याचे पाय मंदावले म्हणून लिहिलं. मंदावले होतेच. पण करार करताना ते क्लबला ठाऊक नव्हते का? चाळिशीच्या दारातल्या माणसाला ठेवायचं ठरवलं, की त्याच्यासमोरच्या भिंतीवरही खर्च करावा लागतो. तो करायचा नसेल, तर मार्चमध्येच निरोप द्यायला हवा होता. ते कठोर झालं असतं, पण त्याला अर्थ असता.

संघ ९-७-१ करत कसाबसा प्लेऑफमध्ये गेला आणि कॅन्सस सिटीत ४२-२१ ने हरला.

त्याआधी, ४ जानेवारी २०२२. पुन्हा सकाळचे पावणेसात, पुन्हा ब्राउन्स, बेनचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. जिंकलो, २६-१४. टी. जे. वॉटने चार वेळा त्यांचा क्वार्टरबॅक पाडला, हॅरिस १८८ यार्ड पळाला. बेनने ४६ वेळा चेंडू फेकला आणि यार्ड झाले १२३. चेंडू हातात आला की लगेच सोडायचा, कुणी अंगावर येण्याआधी. मैदान पिवळ्या टॉवेलांनी हलत होतं. मी रडत होतो, खोटं कशाला सांगू.

बाबा या वेळी खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. नियम त्यांना अजूनही कळत नाहीत. बराच वेळ ते चेंडूकडे न बघता बेनच्या समोरच्या पाच जणांकडे बघत होते.

"याच्या पुढची पोरं सगळी नवीन दिसतात रे," म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन आत गेले.