दोघांत तिसरा

दोघांचे सुरळीत चालले असताना मध्ये तिसरा आणून बसवणे ही गोष्ट नाटकाच्या दुसऱ्या अंकात शोभते. हल्ली ती दिवाणखान्यातही घडू लागली आहे. डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन स्पीकर गुण्यागोविंदाने नांदत असतात, तेवढ्यात कुणीतरी म्हणतो, "मध्ये एक टाका, आवाज भरतो." आमच्याकडे हा कुणीतरी म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ. बँकेत कर्ज नाकारणे सोपे, मेहुण्याला नाही म्हणणे कठीण.

आम्ही नेऱ्यात राहतो. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की वाटेत लागते ते नेरे. बिल्डरने डोंगर दिसतो याचे पैसे घेतले आणि हॉल दहा फूट रुंद दिला. अशा हॉलात तिसऱ्याची गरज काय, हा माझा पहिला आक्षेप.

मुळात स्टीरिओत गवई मधोमध ऐकू येतो, तो असतो कुठे? कुठेच नसतो. दोन्ही स्पीकर त्याचा आवाज सारखाच देतात, आणि दोन साक्षीदारांची जबानी जुळली की घटना खरी, या न्यायाने आपला मेंदू त्याला मध्ये बसवतो. मैफलीतल्यासारखा तबला त्याच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या. सगळे फुकटात.

आता खरे सांगायचे तर मधला हा उपरा नव्हे. १९३३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो डावा, मधला आणि उजवा अशा तीन वाटांनी. पुढे १९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. एकीवर डावा, दुसरीवर उजवा. मधल्याला जागाच उरली नाही. जागेअभावी घरातला एक जण बाहेर पडतो, हे मुंबईतून पनवेलीला आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पण त्या मूळ मधल्याला स्वतःचा मायक्रोफोन होता, म्हणजे स्वतःची कमाई होती. आजचा मधला डाव्या-उजव्याची बेरीज करून बनवतात. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे. दोन खात्यांतली रक्कम तिसऱ्या खतावणीत उतरवली म्हणून शिल्लक वाढत नसते, एवढे आम्हाला कळते. उलट दोन्हीकडचे थोडेथोडे मधून ऐकू आल्यावर पेटी आणि तबला आत सरकतात, आणि स्पीकर लांब नेले नाहीत तर दोघेही गवयाच्या मांडीवर येऊन बसतात.

मेहुण्याने पहिल्या दिवशी तर बेरजेऐवजी वजाबाकीच केली. तिसऱ्या स्पीकरची एक तार डाव्याच्या अधिक टोकाला आणि दुसरी उजव्याच्या अधिक टोकाला. अशा जोडणीत दोन्हींत सारखे असते ते सगळे कटते, फरक तेवढा उरतो. गवई अंतर्धान पावला आणि सभागृहाचा घुमारा मागे राहिला. मग जुने नाट्यसंगीत लावले. ते मोनो, दोन्हीकडे एकच. त्यामुळे स्पीकर जवळजवळ मुकाच. "भावोजी, पीस डिफेक्टिव्ह आहे," मेहुणा म्हणाला. (काही अ‍ॅम्प्लिफायरांना ही जोडणी मानवतही नाही. बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी करायची आणि मधल्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा, हीच सरळ रीत. बाहेर पडणाऱ्या तारा एकमेकींना बांधल्या तर अ‍ॅम्प्लिफायर कैलासवासी होतो.)

रीतसर जोडणी झाल्यावर माझे मत बदलले नाही, पण त्याला एक उपकलम जोडावे लागले. स्टीरिओतला तो मधोमधचा गवई मध्ये बसणाऱ्यालाच भेटतो. दोन फूट सरका, की तो जवळच्या स्पीकरात शिरतो. कारण ज्याचा आवाज आधी पोचतो त्याच्यावर कान विश्वास टाकतात. सोफ्याची मधली जागा एक, आणि घरातली माणसे चार. आईचा दिवाण खिडकीशी. गुडघ्यांमुळे ती तिथून हलत नाही. तिच्या वाट्याला आजवर डावा स्पीकरच आला. तिसरा हळू आवाजात चालू केला तेव्हा ती वाती वळता वळता थांबली. म्हणाली, "आज हा समोर बसून गातोय रे."

शाखेत तिसरी खिडकी उघडली म्हणून तिजोरीत पैसे वाढत नाहीत. कडेला ताटकळलेल्या माणसाचे काम मात्र होते. तेव्हा एकट्याने डोळे मिटून ऐकणाऱ्याने मधल्याच्या नादी लागू नये. घर भरलेले असेल तर जरूर लावावा. आवाज एवढाच ठेवावा की तो आहे हे बंद केल्यावरच कळावे. सिनेमाची गोष्ट निराळी. तिथे संवाद बहुधा मधल्याच्याच नावावर असतात, तो तिथला हक्काचा धनी.

सध्या मधल्याचे बटण आईच्या हाताशी आहे. परवा मेहुण्याने, मागे आणखी दोन लावू या, असा विषय काढला. सौ.ने त्याला कांदेपोहे वाढले आणि शेवटची पनवेलची गाडी किती वाजता आहे ते विचारले.